बिनतारी जाळे आणि घरचा लॅपटॉप

छत्रपती संभाजीनगर शहरातून छावणी ओलांडून नाशिककडे निघाले म्हणजे पडेगाव लागते. मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या प्रक्षेत्रामुळे मराठवाड्यातील पशुपालकांना हे नाव पूर्वीपासून परिचित आहे. आता हा भाग महानगरपालिकेच्या हद्दीत असून जुन्या गावठाणाच्या आसपास नव्या वसाहती वाढत आहेत. दगडी भिंतींचे जुने घर, सिमेंटच्या स्लॅबचे नवे घर आणि पत्र्याच्या छताची खोली अशी सर्व तऱ्हेची बांधकामे अशा गावात शेजारीशेजारी नांदतात. लॅपटॉप बिनतारी जाळ्याला कसा जोडला जातो आणि जोडला गेला तरी पुष्कळदा काम का अडते, हे समजावून घेण्यास असे गाव सोयीचे आहे. कारण या प्रश्नाची बरीचशी उत्तरे घराच्या भिंतींतच दडलेली असतात.

हा प्रश्न आज केवळ हौसेचा राहिलेला नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या सामाईक प्रवेश परीक्षांची नोंदणी ऑनलाइन होते. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर याच पद्धतीने सुरू झाले. सातबारा उतारा, उत्पन्नाचा दाखला, नोकरीचा अर्ज, सर्वांची वाट एकच. अर्जाची मुदत रात्री बारा वाजता संपणार, आणि दहा वाजता लॅपटॉपच्या पडद्यावर ‘जोडले आहे, परंतु इंटरनेट नाही’ अशी सूचना झळकावी, हा अनुभव अनेक कुटुंबांच्या परिचयाचा आहे. अशा वेळी घरातील मंडळी लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करतात, कंपनीला दूरध्वनी लावतात, शेवटी शेजारच्या मुलाला बोलावतात. हा मुलगा जे करतो ते घरातील कोणालाही करता येण्यासारखे आहे. त्यासाठी एकच गोष्ट प्रथम नीट समजावून घ्यावी लागते.

दोन निराळ्या जोडण्या

ती गोष्ट अशी की, लॅपटॉपचे बिनतारी जाळ्याशी जोडले जाणे आणि घरात इंटरनेट येणे या दोन स्वतंत्र घटना आहेत. संभाजीनगरकरांना हे सांगण्यासाठी दूरचा दाखला शोधण्याची गरज नाही. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात या शहरासाठी बांधलेली नहर सर्वांना ठाऊक आहे. उत्तरेकडील डोंगरांच्या बाजूचे भूगर्भातील पाणी जमिनीखालच्या बांधीव मार्गांनी आणि खापरी नळांनी उताराउताराने शहरात येई. वाटेत हवेचा दाब मोकळा करण्यासाठी बंबे उभारलेले असत. शेवटी हे पाणी हौदात पडे आणि लोक तेथून ते आपापल्या भांड्यांत भरून घेत. आता समजा, हौद अंगणातच आहे, हातात घागर आहे, पण डोंगराकडून येणारा नळ मध्येच कोठे फुटला आहे. अशा वेळी घागर बदलून काही उपयोग होणार नाही. उलट हौद काठोकाठ भरलेला असूनही घागरीलाच भोक असेल, तर नहर खणून पाहणे हा वेडेपणा ठरेल.

घरातील राउटर हा असा हौद आहे. कंपनीची फायबर तार तेथपर्यंत इंटरनेट आणते. राउटरपासून लॅपटॉपपर्यंतचे वीसपंचवीस फूट अंतर तेवढे बिनतारी. पडद्याच्या कोपऱ्यातील पंख्यासारखे चिन्ह या वीसपंचवीस फुटांपुरतेच खरे बोलते. त्यातील सर्व कमानी उजळलेल्या असतील तर लॅपटॉपला राउटर स्पष्ट ऐकू येत आहे, एवढाच त्याचा अर्थ. बाहेरून येणारी तार शाबूत आहे की रस्त्याच्या खोदकामात तुटली आहे, हे त्या चिन्हाला कळत नाही. अलीकडच्या विंडोज प्रणालीत इंटरनेट नसेल तर पंख्याच्या जागी पृथ्वीच्या गोलाचे चिन्ह येते, ही सूचना मात्र अवश्य ध्यानात ठेवावी.

दोष कोणत्या जोडणीत आहे हे ओळखण्याची कसोटी साधी आहे. त्याच राउटरवर घरातील मोबाइल लावून पाहावा, परंतु तत्पूर्वी मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करावा. ही खबरदारी न घेतल्यामुळे पुष्कळांची फसगत होते. राउटरकडून इंटरनेट मिळत नाही असे दिसताच मोबाइल मुकाट्याने आपल्या सिमवर जातो आणि ‘फोनवर तर चालते आहे, म्हणजे लॅपटॉपच बिघडला’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. डेटा बंद करूनही मोबाइलवर इंटरनेट चालले, तर दोष लॅपटॉपकडे. तोही अडला, तर दोष राउटरात किंवा त्यामागच्या तारेत. फायबरच्या पेटीवर ‘एलओएस’ या अक्षरांशेजारी लाल दिवा लुकलुकत असेल, तर प्रकाशाचा संकेत पेटीपर्यंत पोचतच नाही असे समजावे. लॅपटॉपची एकही कळ न दाबता तक्रार नोंदवावी, आणि नोंदवताना लाल दिव्याचा उल्लेख करावा.

वीज गेल्यावर तर हा भेद फार चटकन ध्यानात येतो. लॅपटॉपमध्ये बॅटरी असते, राउटरमध्ये नसते. दिवे गेले की लॅपटॉपचा पडदा उजळलेलाच राहतो, पण जाळ्याचे नाव यादीतून नाहीसे होते. राउटरला लावण्याचे लहान यूपीएस आता बाजारात मिळतात. ज्या घरात परीक्षार्थी आहे तेथे हा खर्च करणे अनाठायी नव्हे.

परवान्यावाचून मिळालेल्या लहरी

बिनतारी जाळे, ज्याला आपण वाय-फाय म्हणतो, रेडिओच्याच जातीच्या लहरींवर चालते. आपल्या देशात एके काळी घरातील रेडिओसाठीही पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागत असे, हे वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याचे ते बंधन होते. वाय-फायची आंतरराष्ट्रीय मानके १९९७ मध्ये प्रथम ठरली आणि १९९९ मधील सुधारणेनंतर ती जगभर पसरली. आपल्याकडे केंद्र शासनाने जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवान्यातून मुक्त केला. पुढे ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा बराच मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये घराबाहेरील वापरासाठीही खुला झाला. पडेगावच्या एखाद्या घरात आज राउटर लावताना कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही ती या निर्णयांमुळे. लहानशा राजपत्रित अधिसूचनेने सामान्य माणसाच्या घरात किती बदल घडतो, याचे हे ठळक उदाहरण म्हणता येईल.

मोकळीक मिळाली की गर्दीही होते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ब्लूटूथची उपकरणे आहेत, शेजाऱ्यांचे राउटर आहेत आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही साधारण याच लहरींवर अन्न तापवते. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन: पहिली, सहावी आणि अकरावी. दाट वस्तीत दहाबारा राउटर या तीन वाहिन्या वाटून घेतात, तेव्हा रात्री आठनंतर वेग मंदावतो यात नवल नाही. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा पुष्कळ, वेगही अधिक. परंतु त्याच्या लहरी आखूड असल्याने भिंत ओलांडताना लवकर थकतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटीमीटर लांबीची, तर ५ गिगाहर्ट्झची पाच-सहा सेंटीमीटरची.

यावरून व्यवहाराचा नियम निघतो. राउटर ज्या खोलीत आहे तेथेच लॅपटॉप असेल तर ५ चा पट्टा निवडावा, मध्ये भिंती असतील तर २.४ चा. पुष्कळ राउटर दोन नावे दाखवतात आणि त्यांपैकी एकाच्या शेवटी ‘५जी’ असे असते. त्याचा मोबाइलच्या पाचव्या पिढीशी काहीही संबंध नाही, तो केवळ ५ गिगाहर्ट्झचा निर्देश आहे. जुन्या लॅपटॉपला हे दुसरे नाव दिसतच नाही, कारण त्याच्यातील यंत्रणा फक्त २.४ गिगाहर्ट्झ जाणते. तेव्हा नाव दिसत नाही म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही.

भिंतींविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. विटांची एकेरी भिंत लहरींना फारसे अडवत नाही. दगडाची दीडदोन फूट जाडीची भिंत त्यांचा बराच मोठा भाग शोषून घेते. सिमेंटच्या स्लॅबमधील लोखंडी सळ्या अडथळा करतात, म्हणून खालच्या मजल्यावरचा राउटर वरच्या खोलीत क्षीण होतो. पत्रा, लोखंडी कपाट, आरसा आणि पाण्याची टाकी हे तर मोठेच शत्रू. धातू लहरी परतवून लावतो आणि पाणी त्या गिळते. असे असूनही बहुतेक घरांत राउटर टीव्हीच्या मागे, कपाटावर किंवा तार जेथून आत शिरली त्या कोपऱ्यात बसवलेला आढळतो. तार जोडणाऱ्या कारागिराला ते सोयीचे असते, घरातल्या विद्यार्थ्याला नसते. चार-पाच मीटर जादा तार मागून राउटर घराच्या मध्यभागी, छातीएवढ्या उंचीवर, उघड्यावर ठेवून घ्यावा. जेथे भिंती दगडी आहेत तेथे दाराच्या रेषेत तो ठेवल्यास लहरी दारातून पलीकडे जातात. एवढ्याने भागले नाही तर दुसऱ्या खोलीपर्यंत तार नेऊन तेथे दुसरा राउटर बसवणे हाच खात्रीचा उपाय.

जोडणी होताना काय घडते

राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा आपले नाव पुकारीत असतो. लॅपटॉपचे बिनतारी यंत्र सुरू असेल तर ही सारी नावे यादीत दिसतात. यादीच रिकामी असेल तर प्रथम ‘विमान अवस्था’ चालू नाही ना, ते पाहावे. काही जुन्या लॅपटॉपना कडेला एक बारीक खटका असतो, पिशवीतून काढताना तो सरकतो आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

आपल्या जाळ्याचे नाव निवडले की परवलीचा शब्द विचारला जातो. येथे लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा भेद पाळावा लागतो. शून्य आणि ‘ओ’ हे अक्षर यांची गल्लत तर नेहमीची. राउटरच्या खालच्या बाजूच्या चिठ्ठीवर मूळ शब्द छापलेला असतो. लॅपटॉप हा शब्द हवेतून तसाच्या तसा पाठवीत नाही. दोन्ही यंत्रे एकमेकांना काही आकडे पाठवतात आणि प्रत्येकाजवळ तोच शब्द आहे याची खात्री त्यांवरून करून घेतात. घरातील कोणी परवलीचा शब्द बदलला असेल, तर लॅपटॉप जुनाच शब्द पुन्हा पुन्हा देत राहतो. अशा वेळी यादीतील त्या नावावर जाऊन ते ‘विसरण्याची’ आज्ञा द्यावी आणि नव्याने जोडावे.

शब्द जुळल्यावर राउटर लॅपटॉपला एक क्रमांक देतो. घराघरांत तो साधारणतः १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. जाळ्याच्या तपशिलात त्याऐवजी १६९.२५४ ने सुरू होणारा क्रमांक दिसला, तर राउटरकडून क्रमांक मिळालाच नाही आणि लॅपटॉपने आपल्या मनानेच एक घेतला, असे खुशाल समजावे. राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा सुरू केल्यास बहुधा हा दोष जातो. क्रमांक योग्य आहे, मोबाइलवर इंटरनेट चालते, तरी लॅपटॉपवर प्रत्येक संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडते, असाही एक प्रकार आहे. तेथे घड्याळाकडे पाहावे. जुन्या लॅपटॉपच्या आतील नाण्याएवढी बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत लॅपटॉप आपल्या तारखेवरून तपासतो, आणि ती जुळत नाही म्हणून दार लावून घेतो. तारीख व वेळ दुरुस्त केली की दार उघडते. या लहानशा कारणासाठी लॅपटॉप दुरुस्तीस नेणारे लोक थोडे नाहीत.

लॅपटॉपमध्ये विंडोज अथवा लिनक्स नव्याने भरल्यानंतर बिनतारी यंत्रच नाहीसे झाल्यासारखे वाटते, ही आणखी एक अडचण. यंत्र जागेवरच असते, ते चालवणारी ड्रायव्हर नावाची आज्ञावली तेवढी नसते. ती इंटरनेटवरून घ्यावी म्हटले तर इंटरनेट नाही, असा हा पेच. यावर तोड अशी की, मोबाइल त्याच्या चार्जिंगच्या तारेने लॅपटॉपला जोडावा आणि मोबाइलमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. तारेतून आलेल्या इंटरनेटवर ड्रायव्हर उतरवून घेता येतो. तार मात्र केवळ चार्जिंगपुरती नसावी, तिच्यातून माहितीही वाहिली पाहिजे.

ज्या घरात फायबर नाही तेथे मोबाइलचाच हॉटस्पॉट करून लॅपटॉप चालवला जातो. यात धोका डेटा संपण्याचा आहे. लॅपटॉपला वाटते की आपण घरच्या अखंड जोडणीवर आहोत, आणि तो पाठीमागे स्वतःच्या सुधारणा उतरवू लागतो. दिवसाचा दीड-दोन जीबीचा कोटा तासाभरात संपतो आणि अर्ज अर्धवट राहतो. विंडोजमध्ये त्या जाळ्याच्या गुणधर्मांत ‘मीटर्ड कनेक्शन’ हा पर्याय चालू केला की हा उपद्रव बराच आवरतो. हॉटस्पॉट वापरणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा करून ठेवावे.

उघडे जाळे आणि त्याची किंमत

परवलीचा शब्द न ठेवता जाळे उघडे ठेवणे म्हणजे शेजारधर्म, अशी काहींची समजूत असते. आपल्या राज्याने तिची किंमत पाहिली आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता, आणि तपासात त्याचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथील एका सदनिकेपर्यंत लागला. तेथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाचे बिनतारी जाळे उघडे होते व ते कोणी दुसऱ्यानेच वापरले होते. पुढील दोन महिन्यांत मुंबईतील एक महाविद्यालय आणि एक खासगी आस्थापना यांच्या जाळ्यांचाही असाच गैरवापर उघडकीस आला. ज्यांच्या नावावर जोडणी होती त्यांना चौकशीला तोंड द्यावे लागले. २००९ च्या आरंभी मुंबई पोलिसांनी उघडी जाळी शोधण्याची मोहीम जाहीर केली आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राच्या दूरसंचार विभागाने बिनतारी जाळी सुरक्षित ठेवण्यासंबंधी सेवा कंपन्यांना सूचना दिल्या.

राउटरमध्ये सुरक्षिततेचे जे पर्याय दिसतात त्यांपैकी ‘डब्ल्यूईपी’ हा सर्वांत जुना. त्याची कुलपे २००१ सालीच संशोधकांनी उघडून दाखवली आहेत. २००४ मधील ‘डब्ल्यूपीए२’ किंवा २०१८ मधील ‘डब्ल्यूपीए३’ निवडावा, लॅपटॉप जुना असेल तर पहिला. परवलीचा शब्द मोबाइल क्रमांक किंवा आडनाव नसावा. राउटरच्या व्यवस्थेचा शब्द निराळा असतो, आणि तो कारखान्यातून आला तसाच कित्येक घरांत वर्षानुवर्षे राहतो. तोही बदलावा. पाहुण्यांसाठी बहुतेक राउटरमध्ये वेगळे जाळे काढता येते, म्हणजे घरातील संगणक त्यांच्यापासून अलग राहतात.

घरी कोणतीच सोय नसलेल्या विद्यार्थ्यांचा प्रश्न उरतो. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ योजनेस मान्यता दिली. तिच्याखाली किराणा दुकानदार किंवा चहाच्या हॉटेलचा मालकसुद्धा परवाना अथवा नोंदणी शुल्काशिवाय ‘सार्वजनिक डेटा कार्यालय’ चालवू शकतो आणि गिऱ्हाइकांना अल्प मोलाने वाय-फाय देऊ शकतो. प्रारंभी अशा दुकानदारांना कंपन्यांकडून मिळणाऱ्या जोडणीचे दर हीच मोठी अडचण होती. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने यावर मर्यादा घातली. २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर योजनांसाठी या दुकानदारांकडून सामान्य ग्राहकाच्या दराच्या दुपटीहून अधिक आकारता येत नाही. नाशिक रस्त्यावरील एखाद्या दुकानदाराने हा हिशेब मांडून पाहण्यास हरकत नाही.

अशा सार्वजनिक जाळ्याला लॅपटॉप जोडला की लगेच इंटरनेट सुरू होत नाही. प्रथम एक पान उघडते, त्यावर मोबाइल क्रमांक देऊन आलेला संकेतांक भरावा लागतो. हे पान आपोआप उघडले नाही तर ब्राउझरमध्ये कोणतेही एखादे संकेतस्थळ उघडण्याचा प्रयत्न करावा, म्हणजे ते समोर येते. विंडोज विचारते तेव्हा हे जाळे ‘सार्वजनिक’ आहे असेच सांगावे. जाळ्याचे नेमके नाव दुकानदाराला विचारून घ्यावे, कारण सारख्या नावाचे खोटे जाळे उभे करणे कोणालाही शक्य असते. बँकेचा व्यवहार तेथे टाळावा, आणि पैशांची फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर कळवावे. काम संपल्यावर लॅपटॉपला ते जाळे विसरण्यास सांगावे, म्हणजे पुढच्या वेळी तो न विचारता त्याला चिकटणार नाही.